झिंगाट कोणाच्या वाढदिवसाला वाजतं?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या ड्रिल मशीनचा आवाज जमेल तेवढा काढलाय.)

हेडफोन लावले असतील तर उत्तम, बसमध्ये असाल तर आवाज कमी करा, शेजारच्याला त्रास नको.

आज पाहुणा नाही. मी एकटाच आहे, आणि विषय असा आहे की बरेच दिवस टाळत होतो. 'सैराट'. आता तुम्ही म्हणाल, अरे २०१६ चा पिक्चर, त्यावर आता काय बोलायचं राहिलंय? सगळ्यांनी सगळं बोलून झालंय. बरोबर आहे. पण मी या पिक्चरचा फॅन आहे, आणि फॅन लोकांचा एक प्रॉब्लेम असतो. आपण ज्या गोष्टीचे फॅन असतो ना, ती आपण नीट बघितलेलीच नसते. आपल्याला तिच्यातलं जे आवडतं तेवढंच आपण परत परत बघतो.

तर सुरुवातीपासून सांगतो. २९ एप्रिल २०१६ ला पिक्चर लागला. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, पीएल चालू होती, मॅथ्स थ्री डोक्यावर. हॉस्टेलचे आम्ही सहा जण तीन गाड्यांवर सांगलीत गेलो. तिकिटासाठी अशी रांग मी आयुष्यात मराठी पिक्चरला बघितली नव्हती. आत गेल्यावर तर काय, सुरुवातीच्या क्रिकेट कॉमेंट्रीपासून लोक हसायला लागले, कारण तसा माईकवाला प्रत्येकाच्या गावात एक असतोच. आमच्या गावातला तर बॅट्समनच्या उधारीसकट कॉमेंट्री करायचा.

आणि मग 'झिंगाट' लागलं. थिएटरमधली पोरं उठली आणि पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत जाऊन नाचायला लागली. आम्हीपण गेलो. डोअरकीपर एकदा ओरडला, मग तोही भिंतीला टेकून बघत उभा राहिला.

आणि शेवट. ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये, नसेल बघितला तर इथे थांबा, पिक्चर बघा आणि मग परत या. शेवटी त्याच थिएटरमध्ये कोणी हललं नाही. लाईट लागले तरी लोक बसून होते. येताना तीन गाड्यांवर सहा जण, कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र हॉस्टेलवर कोणीतरी परत 'झिंगाट' लावलं आणि आम्ही परत नाचलो. चोवीस तास पण झाले नव्हते.

हे लक्षात ठेवा, मी याच्याकडे परत येणार आहे.

आधी थोडं म्युझिकबद्दल, कारण त्याशिवाय मला राहवणार नाही. अजय-अतुल म्हटलं की माझं डोकं काम करायचं थांबतं. 'जोगवा' असेल, 'नटरंग' असेल, मी शाळेत असताना हे अल्बम मेमरी कार्डमध्ये घेऊन फिरायचो. 'जोगवा'ला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच पिक्चरच्या 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही मिळाला. पण माझं मत विचाराल तर 'सैराट' त्याच्याही वर आहे.

'सैराट'बद्दल एक गोष्ट सगळे छाती फुगवून सांगतात, की त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं. मीपण सांगायचो. ऑफिसमध्ये हिंदी-इंग्लिशवाले कलीग असले की मुद्दाम सांगायचो. पण खरी गंमत रेकॉर्डिंग कुठे झालं यात नाहीये, ते कोणासाठी झालं यात आहे. विचार करा, आपल्या पिक्चरमध्ये शंभर व्हायोलिनसारखा आवाज कधी येतो? राजा घोड्यावरून येतो तेव्हा. महालाचा दरवाजा उघडतो तेव्हा. हिरो स्वित्झर्लंडमध्ये हात पसरतो तेव्हा. आणि इथे 'याड लागलं'ला तो सगळा फौजफाटा कोणाच्या मागे उभा आहे? करमाळ्याकडच्या एका मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराच्या. पायात चप्पल असेल-नसेल, पळत येऊन विहिरीत उडी मारणाऱ्या पोराच्या. त्याला जे वाटतंय ते राजाला वाटतं तेवढंच मोठं आहे, हे त्या ऑर्केस्ट्राने सांगितलं. डायलॉगची गरजच पडली नाही. माझ्या मते नागराज मंजुळे आणि अजय-अतुल यांनी मिळून केलेली सगळ्यात हुशार गोष्ट ती आहे.

दुसरी हुशार गोष्ट मला फार उशिरा कळली. गाणी चार आहेत ना? 'याड लागलं', 'आताच बया का बावरलं', 'सैराट झालं जी' आणि 'झिंगाट'. चारही पहिल्या भागात संपतात. दोघं पळून जातात आणि त्यानंतर गाणं नाही. जवळजवळ तीन तासांचा पिक्चर आहे, म्हणजे बघा किती वेळ. हैदराबादची झोपडपट्टी, बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागलेली अर्ची, डोशाच्या गाडीवर परश्या, छाया कदम यांची ती सुमन अक्का. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी पोरगी तिथं पत्र्याच्या खोलीत बसून रडते. परश्या तिच्यावर संशय घेतो, हात उचलतो. आपला लाडका परश्या! आणि या सगळ्यात एकही गाणं आपल्या मदतीला येत नाही. मी थिएटरमध्ये तेव्हा कंटाळलो होतो, खरं सांगतो. मित्राला म्हणालोसुद्धा, सेकंड हाफ स्लो आहे राव.

आणि शेवटच्या सीनला तर आवाजच काढून घेतला. लहान पोरगं रडतंय, तोंड दिसतंय, आवाज नाही.

मी बॅकएंडला काम करतो. आमच्याकडे रात्री अलर्ट वाजला की माणूस वैतागतो, पण घाबरत नाही. वाजतोय म्हणजे सिस्टीम जिवंत आहे. घाबरायचं कधी? मॉनिटरिंगच गप्प झालं, ग्राफ सपाट झाला, काहीच येईना झालं, तेव्हा. तो शेवटचा मिनिट मला तसा वाटतो.

'धडक'बद्दल दोन वाक्यं बोलून पुढे जातो, नाहीतर तुम्ही म्हणाल टाळलं. २०१८ ला आला. संगीत त्यांचंच, 'झिंगाट' हिंदीत आलं, 'याड लागलं'चं 'पहली बार' झालं. चाली त्याच, मेहनत तीच. पण जातीचं नाव घ्यायला पिक्चर लाजतो, आणि मग ती गाणी नुसती गाणी होतात. चांगली गाणी. लग्नात वाजवायला.

आणि इथेच मला मुद्द्यावर यायचंय.

मी आता जे सांगणार आहे ते विचारून सांगतोय. ज्यांच्याबद्दल आहे त्यांची परवानगी घेतलीये. नाव-गाव सांगणार नाही.

माझी एक चुलत बहीण आहे. मोठी, मी तिला ताई म्हणतो. आम्ही एकाच वाड्यात वाढलो. मला सायकल तिनं शिकवली, पहिला मोबाईल तिचा जुना मिळाला, आणि त्या मोबाईलमध्ये 'जोगवा'ची गाणी होती. म्हणजे मी अजय-अतुलचा फॅन झालो तो तिच्यामुळे. २०१९ ला तिनं लग्न केलं. मुलगा तिच्याबरोबर शिकलेला, चांगली नोकरी, निर्व्यसनी, आपण पत्रिका जुळवताना जे जे विचारतो ते सगळं होतं. जात वेगळी होती. आमच्या घरच्यांच्या भाषेत 'खालची'. हा शब्द मी माइकवर बोलतोय कारण घरात तो रोज बोलला जायचा, फार साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे म्हटल्यासारखा.

मोठ्या काकांनी सांगितलं, आम्हाला मुलगी नव्हती. मारामारी झाली नाही, धमक्या नाहीत, गाड्या घेऊन कोणी गेलं नाही. आमच्याकडं सगळे शिकलेले आहेत. फक्त नाव घेणं बंद झालं. भिंतीवरच्या फोटोच्या फ्रेममध्ये तिच्या जागी तुळजापूरला गेल्याचा दुसरा फोटो आला. कुठलाही फोटो काढला तर भिंतीवर डाग राहतो, इथे तोही राहिला नाही.

आणि मी काय केलं? मी काहीच केलं नाही. मी पुण्यात हिंजवडीला, ती चिंचवडला. बाईकवर फार तर अर्धा-पाऊण तास. चार वर्षं मी गेलो नाही. वाढदिवसाला व्हॉट्सॲपवर केकचा इमोजी टाकायचो. मनात असं होतं की मी तर तिच्या बाजूचाच आहे, माझा काय प्रश्न? मी 'सैराट'वाला माणूस आहे. माझ्या लॅपटॉपवर परश्याचा स्टिकर होता राव.

२०२२ च्या डिसेंबरात दुसऱ्या चुलत भावाचं लग्न झालं. ताईला अर्थात बोलावलं नव्हतं. हळदीच्या रात्री डॉल्बी लागला. आणि डॉल्बी लागला म्हटल्यावर 'झिंगाट' लागणारच, हा महाराष्ट्राचा अलिखित कायदा आहे. आख्खं घर नाचलं. मी नाचलो, भाऊ नाचले, आत्या नाचल्या. मोठे काका, ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, तेसुद्धा टोपी सावरत दोन मिनिटं आत आले. कोणीतरी व्हिडिओ काढला. मी तो स्टेटसला ठेवला.

सकाळी ताईचा मेसेज. "छान नाचलास. आप्पांचा गुडघा बरा दिसतोय."

एवढंच. मी 'हो' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, आणि शेवटी हसणारा इमोजी टाकला. मला दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या दिवाळीत काकूनं, म्हणजे ताईच्या आईनं, मला बाजूला घेतलं. काकू ताईशी बोलते हे मला माहीत होतं. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने. एवढे कपडे कुठल्याच घरात निघत नाहीत, पण काकांना कधी शंका आली नाही, किंवा आली असेल आणि बोलले नसतील. तर काकूनं दोन पिशव्या दिल्या. एकीत फराळ, एकीत साडी आणि ताईच्या पोरीसाठी फ्रॉक. म्हणाली, जाताना देऊन ये, कुणाला सांगू नको.

मी पुण्याला आलो आणि रविवारी सकाळी पहिल्यांदा ताईच्या घरी गेलो. फोन न करता. म्हटलं सरप्राइज देऊ.

दार दाजींनी उघडलं. मला ओळखलं, हसले. पण हसायच्या आधी, अर्धा सेकंद असेल, त्यांनी माझ्या हातातल्या पिशव्यांकडे बघितलं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघितलं.

म्हणाले, "एकटाच आलायस?"

मी म्हणालो, "हो दाजी, एकटाच."

"ये की मग, ये आत." आणि मी आत आल्यावर त्यांनी दार लावलं, कडी घातली.

मंडळी, ज्यांनी पिक्चर बघितलाय त्यांना मी काय बोलतोय ते कळलं असेल. अर्ची आईला फोन करते, आणि मग तिचा भाऊ माणसं घेऊन येतो, हातात आईनं पाठवलेल्या भेटवस्तू. दोघं त्यांना चहा देतात. आणि मी तिथे सोफ्यावर बसलोय, शेजारी आईनं पाठवलेल्या पिशव्या, आणि आतून ताई विचारतेय, "चहात साखर किती घेतोस आता?"

मला तो चहा गिळेना. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, सात जन्मात येणार नाही. पण दाजींना ते कसं माहीत असणार? त्यांनी माझ्या घरचा माणूस चार वर्षांत पहिल्यांदा बघितला होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीपण जिन्याकडे बघितलं असतं.

पोरगी आधी लांब होती, मग फ्रॉक दाखवल्यावर जवळ आली. ताई फराळातली चकली मोडून बघत होती, म्हणाली, "आईची चकली अजून तेल पितेय." मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दाजी आणि मी इंडियाच्या वर्ल्ड कपबद्दल बोललो. त्या वर्षी आपली टीम सलग जिंकत होती ना, बोलायला तेवढा विषय बरा होता.

त्या रात्री खोलीवर येऊन मी 'सैराट' परत लावला. सात वर्षांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग पहिल्यांदा. मधली सात वर्षं मी काय बघितलं होतं? गाणी. यूट्यूबवर, वेगळी वेगळी काढून. हेडफोन लावून बसलो आणि 'झिंगाट' आलं आणि मी पॉज केलं. कारण मी विसरलो होतो, किंवा कधी बघितलंच नव्हतं, की हे गाणं कुठे वाजतं.

ते अर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला वाजतं. तात्यांच्या बंगल्यावर. तोच भाऊ, जो कॉलेजात शिक्षकाच्या कानाखाली देतो. तोच, जो शेवटी चहा प्यायला येतो. पार्टी त्यांची, लाईट त्यांचे, खर्च त्यांचा. परश्या आणि त्याचे मित्र तिथे जाऊन नाचतात, आणि त्याच रात्री दोघं पकडले जातात.

आपण थिएटरमध्ये उठून नाचलो तेव्हा प्रत्येकाला वाटलं मी परश्या आहे. लग्नात नाचताना पण वाटतं. पण हिशोब करा ना. एवढे परश्या असते तर तात्या कुठून आले असते? माझ्यापुरतं सांगतो, आमच्या गावात आमचा वाडा आहे, ग्रामपंचायतीत आमच्या घरातला माणूस दोनदा निवडून आलाय, गणपतीची वर्गणी आमच्या ओट्यावर मोजली जाते. मी कितीही स्टिकर लावले तरी पिक्चरमध्ये माझी जागा बंगल्याच्या आत आहे, यजमानांच्या बाजूला.

मी गाणं ऐकायचं सोडलेलं नाही, असा काही त्याग वगैरे केलेला नाही. ठेका वाजला की पाय हलतो, त्याला माझा इलाज नाही, आणि दोष अजय-अतुलचा आहे. पण हल्ली डॉल्बीसमोर उभा असलो की आजूबाजूला बघतो कोण कोण आलंय. आणि कोण नाहीये.

'फँड्री'त शेवटी जब्या दगड फेकतो आणि तो सरळ कॅमेऱ्यावर येतो, तो सीन बघून मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. त्यावर कधीतरी वेगळा भाग करू. तिथेपण दगड कोणाला लागला हे मला टाळ्या वाजवताना कळलं नव्हतं.

असो. ताजी खबर सांगतो आणि थांबतो. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. मी घरी सांगितलं की ताईला पत्रिका द्यायची, घरातल्या सगळ्यांच्या सहीने, आणि द्यायला काकांनी जायचं. मी पिशवी घेऊन जाणार नाही. आई म्हणाली, बघू. बाबा म्हणाले, आत्ता हा विषय कशाला. भाऊ बिचारा म्हणाला, दादा माझ्या लग्नात कशाला, आणि त्याचंही मला पटलं, पण मग कोणाच्या लग्नात? मोठ्या काकांशी मी अजून बोललेलो नाही. या शनिवारी गावाला जातोय. ताईला विचारलं, तुला यायचंय का? ती म्हणाली, आधी आप्पा येऊ देत, मग बघते, आणि आले तर चहा पण देते. हसली, पण मला नाही हसता आलं.

डॉल्बीवाल्याला ॲडव्हान्स देऊन झालाय. त्याने विचारलं, गाण्यांची लिस्ट देणार का नेहमीचीच वाजवू? मी म्हणालो, रविवारनंतर सांगतो.

चला, बारा वाजून गेले, उद्या सकाळी दहाला स्टँडअप आहे. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.